रिठ्याच्या पाण्यानं धुतलेली रेकॉर्ड

रिठे उकळायला ठेवले, की त्या वासासरशी तालमीमागचं आमचं नव्वदच्या दशकातलं घर आठवतं.

आजारपणानंतर बाबा गप्पच झाले होते. एका सकाळी मात्र त्यांनी आपणहून ग्रामोफोनची एक रेकॉर्ड काढली आणि तिच्यावरची आखाड्याची तांबडी धूळ कुस्तीत मिळालेल्या रेशमी फेट्यानं घासू लागले. घासावं तशी धूळ आणखीच चिकटत होती.

"अवं, रेशमानं घासल्यावर धूळ वडून घेतीया ती! द्या हिकडं," म्हणत आईनं माझ्या न्हाण्यासाठी काढलेल्या रिठ्याच्या पाण्यानं ती अलगद धुतली, सावलीत वाळवली. सुई टेकली. खरखर नाही, नुसतं गाणं.

बाबा म्हणाले, "उद्या दुसरी धुवूया की."

पाणी संपलं म्हणून मी तेव्हा रुसले होते. आजारपणानंतर बाबांच्या तोंडून आलेला तो पहिला 'उद्या' मला आत्ता ऐकू येतो.