शालूच्या शेजारचे सील

पलीकडे फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात सुमित्राअक्कांनी आदल्या दिवशी दिलेला हिरवा खण. खण मी पुन्हा एकदा नाकाशी नेला. डांबरगोळी. शंकाच नको. रविवारची सकाळ होती, आणि अक्का त्या वेळी नंदी हिल्सच्या रस्त्यावर नवऱ्याच्या, माधवअण्णांच्या, शेजारी एका जुन्या, उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये बसलेल्या होत्या. त्या बसल्या होत्या, कारण मी त्यांना 'बसा' म्हटलं होतं.

मी रबराची माणूस. बेंगळुरूत यशवंतपूरच्या पुढे होज आणि सील तयार करणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंग लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. होज म्हणजे नळी. सील म्हणजे तेल जिथून निसटू नये तिथे बसवलेली रबराची चकती किंवा छोटी वाटी. स्वभाव आधीपासूनच काळजीखोर. नोकरीत त्याचा पगार मिळाला, घरी त्यावरून बोलणी मिळाली. मी पाहुण्यांकडे गेले की प्रेशर कुकरची रिंग दाबून बघते असं घरचे सांगत सुटतात. खरं आहे ते.

रिटायर झाल्यावर जुन्या गाड्या बाळगणारे लोक मला बोलावू लागले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. नळी फुगते, मऊ पडते, एक दिवस गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकायला लागतं. म्हणून कुणीतरी जाऊन नळ्या तपासायच्या आणि कुठली बदलायची ते सांगायचं. मला तेवढंच येतं, आणि तेवढं मला बरं जमतं.

माधवअण्णांचं घर मल्लेश्वरमला. विमानांच्या कारखान्यातून ते इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नड कधी सुरू झालं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. गाडी इंग्लंडची, लाल, दोन सीटांची. त्यांनी ती घेतली तेव्हा पत्रा, चाकं आणि गंज एवढाच ऐवज होता. पोर्टिकोत लाकडी ठोकळ्यांवर ती चढवून अण्णा वर्षानुवर्षं तिच्याखाली झोपत होते. कार्ब्युरेटर जेवणाच्या टेबलावर उघडला. नटबोल्टांसाठी चिकपेटचा बाजार पायाखाली घातला. बाहेरच्या मेकॅनिकला म्हणून गाडीला हात लावू दिला नाही.

अक्कांनी या सगळ्यावर एकच अट घातली होती. "अहो, ती पळते की नाही ते मला सांगू नका. थांबते का ते सांगा. थांबत असेल त्या दिवशी बसेन."

शनिवारी मी गेले ती पेट्रोलच्या नळ्या बघायला. एक बदलायला लावली. बाकी ठीक होत्या. मग अण्णा म्हणाले, "आता आलाच आहात तर ब्रेक पण बघून घ्या. सगळे सील नवे बसवलेत. इंग्लंडहून आणलेले, ओरिजनल, नॅचरल रबराचे."

मी पेडल दाबलं. चांगलं कडक लागलं. चाकं उचललेली होती. पाय काढला की चारही चाकं मोकळी फिरत होती. कुठे ओल नव्हती. मी नेहमीचा प्रश्न विचारला. सील कधीचे आहेत?

"बसवलेत मागच्या आठवड्यात. आणलेले बऱ्याच वर्षांपूर्वी. भाचा तिकडून येणार होता, त्याच्याबरोबर मागवले. तोवर पत्र्याचंच काम उरकलं नव्हतं."

"इतकी वर्षं ठेवले कुठे?"

"घरात. कपाटात. अंधार, थंड. ऊन नाही, धूळ नाही."

रबर असंच ठेवायचं असतं. लोक ते गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतात आणि मग मला बोलावतात. मी अण्णांचं तोंडभरून कौतुक केलं.

निघताना अक्कांनी कुंकू लावलं, खण आणि नारळ हातात दिला. मग हळूच विचारलं, "वैशाली, खरं सांग. थांबते ना गं ती?"

"थांबते अक्का. बसा तुम्ही."

"सरी, ठीक आहे. मग उद्या पहाटे नंदीला जातो म्हणतायत, जाते मी."

घरी येऊन मी पिशवी दारामागे टांगली आणि विसरले. सकाळी नारळ काढायला हात घातला, खणाची घडी उलगडली, आणि तो वास नाकात शिरला. आधी काहीच वाटलं नाही. रेशमी कपड्यांच्या कपाटाला हा वास असतोच. मग डोक्यात आलं, घरात. कपाटात. कोणाच्या कपाटात?

आता हे थोडं समजावून सांगायला हवं. डांबरगोळी हवेत विरत जाते. दिवाळीला ठेवलेली गोळी पुढच्या दिवाळीला जिऱ्याएवढी होते. विरलेली गोळी जाते कुठे? थोडी आपल्या नाकात. आणि जवळ नॅचरल रबर असेल तर बरीचशी त्याच्या पोटात. रबर ती वाफ पिऊन घेतं, फुगतं आणि मऊ होतं. नुसतं बघून कळेलच असं नाही.

आणि ब्रेक. पेडलच्या टोकाला एक पंप असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. पाय दाबला की तो ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो, पाय काढला की तेल एका बारीक भोकातून माघारी येतं. पंपातला सील फुगला तर ते भोक झाकलं जातं. गाडी थंड असताना कळत नाही. गरम झाली की सील आणखी फुगतो, तेल माघारी येत नाही, ब्रेक आपोआप लागलेला राहतो. चाक तापतं. तापता तापता तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात, आणि मग एका वळणावर पाय दाबला की पेडल सरळ तळाला जातं. नव्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात. एक गेली तर दुसरी उरते. त्या गाडीत एकच होती.

नंदीचा घाट सगळा वळणांचा आहे. मी चप्पल घालता घालता कॅब बुक केली.

ड्रायव्हर मंजुनाथ नावाचा शांत माणूस होता. मी सारखा फोन लावतेय आणि कुणी घेत नाही हे बघून त्याने हिंदीत विचारलं, "हॉस्पिटल जाना है क्या मॅडम?" मी म्हटलं, अजून नाही. त्याने गाडी जोरात काढली.

हेब्बाळ गेलं. एअरपोर्टचा रस्ता लागला. अण्णांचा फोन बंद, गाडी चालवताना ते तो बंदच ठेवतात. अक्कांचा वाजत होता, पण उघड्या गाडीत वारा कानात भरतो, फोन पर्समध्ये आणि पर्स पायाशी. मी रस्त्याच्या कडेला उभी असलेली प्रत्येक लाल गाडी बघत होते. मला अपघात दिसत नव्हता. मला अक्कांचा चेहरा दिसत होता, पेडल तळाला गेल्यावर अण्णांकडे बघणारा. आणि त्यांचं 'खरं सांग' ऐकू येत होतं.

देवनहळ्ळीच्या पुढे अक्कांनी फोन उचलला.

"अगं वैशाली, आत्ताच वर पोचलो! फोटो काढायला फोन बाहेर काढला तर तुझे एवढे कॉल. काय झालं गं?"

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "अक्का, फोन स्पीकरवर टाका. अण्णा, गाडी खाली उतरवू नका."

"का?"

"ब्रेकचा भरवसा नाही."

"काल तुम्हीच बघितलंत. तुम्हीच ओके म्हणालात."

"थंड गाडीवर म्हटलं. येताना गाडी कशी होती? मोकळी पळत होती?"

वाऱ्यातून अण्णांचा आवाज आला, "स्वल्प ओढत होती. चढ आहे, इंजिन म्हातारं आहे."

"सील बसवताना कसे गेले आत?"

"घट्ट होते. नवे म्हणून."

"अण्णा, पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी शिंपडून बघा. हात लावू नका."

बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग चर्र असा आवाज, मला कॅबमध्येसुद्धा ऐकू येईल इतका. मंजुनाथने आरशातून माझ्याकडे बघितलं.

विमानांच्या कारखान्यातला माणूस लगेच हार मानत नाही. "थंड होऊ देतो. मग पहिल्या गिअरमध्ये हळू उतरवीन. हँडब्रेक आहे ना."

"हँडब्रेक गाडी उभी ठेवायला आहे. घाट उतरायला नाही."

"मी चाळीस वर्षं—"

"अहो," अक्का मध्येच म्हणाल्या, "मी खाली उतरले गाडीतून. तुम्हाला जायचं तर जा."

मग मात्र अण्णा गेले नाहीत.

मी वर पोचले तेव्हा दोघं कट्ट्यावर बसले होते. गाडी बाजूला उभी होती, चारही चाकांना दगड लावलेले. लाल रंग उन्हात इतका सुंदर दिसत होता की येणारे-जाणारे तिच्याबरोबर सेल्फी काढत होते. अण्णांनी ओळखही दाखवली नाही. सरळ प्रश्न.

"अंधारात, थंड जागेत ठेवलेलं रबर खराब होतं कसं? मला कारण हवंय."

मी सगळ्या रस्त्यात याच प्रश्नाला घाबरत होते. ब्रेकपेक्षा जास्त. अक्का शेजारीच बसलेल्या. मला म्हणता आलं असतं की माल जुना निघाला, पाठवणाऱ्याने फसवलं. पण मग अण्णांनी नवे सील मागवून पुन्हा त्याच कपाटात ठेवले असते. मी म्हटलं, "जागा बरोबर होती अण्णा. शेजारी डांबरगोळ्या होत्या. रबर त्या शोषून घेतं."

अण्णांना अर्थ लागला नाही. अक्कांना लागला. त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"मीच टाकल्या," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले, किमती आहेत, परत मिळायचे नाहीत, नीट ठेव. मी माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळून ठेवले. कसर लागू नये म्हणून दर दिवाळीला नव्या गोळ्या घालत होते. शालूला दोन, त्यांच्या सामानाला चार. अय्यो, वैशाली, मी त्यांना मारलं असतं की गं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय ते आठवत नाही. अण्णा म्हणाले, "माझं सामान तुझ्या शालूत होतं. आणि मला वाटायचं तुला या गाडीचा राग आहे."

"राग आहेच," अक्का म्हणाल्या. "पण सामान तुमचं होतं."

गाडी सपाट पाठीच्या फ्लॅटबेड ट्रकवरून खाली गेली. आम्ही तिघं मंजुनाथच्या कॅबमधून तिच्या मागे मागे. अण्णा पुढे बसले होते आणि प्रत्येक वळणावर त्यांचा पाय नकळत दाबला जात होता, ते मी मागून बघत होते. सोमवारी त्यांनी मास्टर सिलिंडर उघडला. सील जागेवरून निघेना. काढून नखाने दाबला तर शिळ्या जेलीसारखा दबला आणि तसाच राहिला. अण्णांनी तो कागदात बांधून मला दिला. "तुमच्या लॅबवाल्यांना दाखवा." लॅब कधीच सुटली, पण मी घेतला. तो माझ्या टेबलावर आहे.

नवे सील आले तेव्हा अण्णांनी ते आल्या दिवशीच बसवले. यावेळी गाडी आधी गरम करून, मल्लेश्वरमच्या रस्त्यांवर थांबवत थांबवत मी स्वतः शेजारी बसून तपासली. घरी येऊन चाकांवर पाणी शिंपडलं, आवाज आला नाही. नंतर अक्का दार उघडून काही न विचारता बसल्या, आणि दोघं कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. परत येईपर्यंत मी पोर्टिकोतच उभी होते.

त्या प्रकरणापासून मी कामाचा प्रश्न बदलला. रबर कुठे ठेवलं होतं असं विचारत नाही. शेजारी काय होतं ते विचारते.

त्या दिवशी निघताना अक्कांनी पुन्हा खण दिला. मी त्यांच्यासमोरच तो हुंगला. त्या हसल्या. "गोळ्या सगळ्या फेकून दिल्या गं. आता वेखंड घालते, आमची आजी घालायची तसं. त्याने काही होत नाही ना?"

मी म्हटलं, नाही होत. मग घरी आले, वेखंडाचा एक तुकडा आणि नॅचरल रबराची एक चकती बाटलीत घालून झाकण घट्ट लावलं. बाटली अजून खिडकीजवळच्या कपाटात आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मी झाकण उघडून ती चकती दाबून बघते.