उतारावरची हाक

आप्पा गेल्यावर मला एकाच गोष्टीची भीती वाटायची. मी त्यांचा आवाज विसरेन. माझ्या वडिलांचे फोटो होते, स्वेटर होता, चष्मा होता. आवाज मात्र कुठेच साठवलेला नव्हता. तो आठवायला डोळे मिटले की त्यांचे ओठ हलताना दिसत, ऐकू काहीच येत नसे.

त्या दिवसांत मी जगभरच्या गाण्यांचा एक संच लावून बसायची. वाद्यं नाहीत, नुसते गळे. एक डोंगरातला माणूस एकाच गळ्यातून दोन सूर काढी. कुठल्याशा बेटावरच्या बायका मेलेल्यासाठी रडता रडता गात. शब्द कळत नसत, त्यामुळे उत्तरही द्यावं लागत नसे. तासगावातल्या आमच्या घराशेजारी बेदाण्याची शेड आहे. तिचे जाळीचे पडदे वाऱ्याने फुगत, आणि ते सगळे लोक त्या पडद्यांआड उभे राहून गाताहेत असं दुपारभर वाटत राही.

अशाच एका दुपारी आटपाडीकडून तात्या आले. आप्पांचे धाकटे भाऊ. दोघांचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. पुढे आप्पा फौजेत गेले, तात्या मेंढरांतच राहिले.

दोन सुरांचा माणूस ऐकून ते म्हणाले, "ह्येला काढा पाजा म्हणावं कुनीतरी."

मग थंड मुलखातली एक बाई कुरणातून गुरांना हाका मारू लागली. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. हाक संपली.

"आली का?"

"कोण?"

"जनावरं गं. बाई घसा फोडून वरडाय लागलीया."

मी सोबतची पुस्तिका चाळली. "ते काही लिहिलेलं नाही, तात्या."

"मग अर्धंच ऐकीवलं की ह्येनी!" ते खरोखर नाराज झाले. जरा वेळाने म्हणाले, "आमच्या दोगांची मेंढरं रातीला एकाच वाड्यात, काट्याच्या कुंपनात, बसायची. सकाळी माझ्या हाकंवर माझी उठायची, त्येच्या हाकंवर त्येची. हाक सारखी आसती तर समदी एकाच्याच मागं पळाली आसती."

"आप्पांची कशी होती?"

"लय वरीस झालं, पोरी." तरी ते उठून अंगणात गेले. एकदा ओरडले. मान हलवली. "ही माझी झाली." पुन्हा खाकरले. "त्यो शेवटाला खाली यायचा. उतारानं चालल्यागत."

त्यांनी हाक दिली. ती उंच गेली, थबकली, आणि सावकाश खाली उतरत आली.

संध्याकाळी आप्पा जेवायला बोलवत तेव्हा माझं नाव असंच जिन्यावरून वर यायचं आणि शेवटी उतरायचं. माझं नाव असंच म्हणतात, असं मी समजत आले होते.

"आले," मी म्हटलं. मी उंबऱ्यापर्यंत पोचलेही होते.

तात्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग आत येऊन कप उचलला.

"आलं बग, एक तरी आलं," ते म्हणाले. "आता त्या काढ्यावाल्याला लाव."