तीनशे दहा ग्रॅम

पार्सल ऑफिसात त्याला सगळे तराजू म्हणत. खिडकीत कोणी खोकं ठेवलं की तो ते दोन्ही हातांत घेऊन आधी आकडा सांगायचा आणि मगच काट्यावर ठेवायचा. वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक निघाला तरी दिवसभर त्याचं तोंड उतरलेलं असे. सव्वीस वर्षं एकाच खिडकीवर काढलेला माणूस. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. एकुलती एक लेक नर्स, दोन वर्षांच्या करारावर दूर देशातल्या इस्पितळात गेली, आणि जाताना आपल्या खोलीतले दोन साप बापाच्या गळ्यात मारून गेली.

दोन्ही कॉर्न स्नेक, बिनविषारी, घरात पाळायची जात. नारिंगी अंग, त्यावर विटकरी डाग. एका काचपेटीत मादी, दुसऱ्या पेटीत नर. पहिला महिनाभर तराजू पेटीचं झाकण उघडायचा तो श्वास रोखूनच. मग एके दिवशी मादी त्याच्या बाहीत शिरली आणि कोपराशी जाऊन निवांत बसून राहिली. ती बाहेर येईपर्यंत तो पाऊण तास खुर्चीवर हात लांब करून बसला. भीती त्या पाऊण तासातच गेली.

त्यानंतर तो शिकत गेला. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात किती वेळ ठेवायचा, कात टाकण्याआधी डोळे कसे निळसर होतात, साप सरळ राहत नाही म्हणून त्याच्या अंगालगत सुतळी सोडत जायची आणि नंतर सुतळी मोजायची. दर रविवारी सकाळी लेकीचा फोन यायचा आणि तो वजन सांगायचा. बाकीचं बोलणं दोन मिनिटांत संपे. तिथली थंडी, पाठोपाठच्या पाळ्या, तिच्याशी जेवताना कोणी बोलत नाही, हे ती सांगायची नाही, पण आवाजावरून त्याला कळायचं. सापांचा विषय निघाला की मात्र आवाज उजळायचा. यंदा अंडी घ्यायची, पिल्लं निघताना फोनवर बघायची, हा तिचा बेत होता. मादीला तीन वर्षं, तीन फूट आणि तीनशे ग्रॅम पुरी व्हायला हवीत, असा साधारण हिशेब तिनेच त्याला शिकवला होता. मादी होती सव्वादोन वर्षांची. तर लेकीने सांगितलं, दहा दिवसांनी एक उंदीर देताय तो आता आठवड्याला दोन द्या.

त्याने दिले. मादी खादाड, मिळेल ते गिळायची. थंडी सरता सरता काट्यावर तीनशे दहा भरले.

पण तराजूला ते वजन पटेना. शेपटीच्या मुळाशी तिला चरबीची वळी आली होती, आणि वाकली की खवल्यांच्या फटींतून कातडी दिसायची. सुतळी दोन फूट आठ इंचांवरच थांबलेली. तयार मादी बोटांमधून सरकवली की पोटाच्या मागच्या भागात कच्च्या अंड्यांच्या वाटाण्यासारख्या गाठी लागतात, असं लेकच म्हणाली होती. त्याने तीन रविवार बोटं फिरवून पाहिली, हाताला काही म्हणजे काही लागलं नाही.

"वजन झालंय, अंग झालेलं नाही," तो फोनवर म्हणाला. "खायला घालून आणलेलं वजन आहे हे, बाळ. एक वर्ष थांबू या."

लेकीने त्याला समजावलं. गाठी सगळ्यांच्याच हाताला लागत नाहीत, चार महिन्यांचा उंदरांचा खुराक वाया जाईल, पुढच्या वर्षी आपण कुठे असू कोणास ठाऊक. तो हूं हूं करत राहिला. मग ती म्हणाली, "बाबा, इथे मला वाट बघायला दुसरं काही नाहीये हो."

पुढच्या रविवारी सकाळी त्याने नराला उचलून मादीच्या पेटीत सोडलं. लेक फोनवरून बघत होती आणि कितीतरी दिवसांनी हसत होती.

दीड महिन्यात मादीचं पोट फुगलं. तिने खाणं सोडलं, मग कात टाकली. कात टाकल्यापासून नवव्या दिवशी पहाटे अंड्यांसाठी ठेवलेल्या ओल्या शेवाळाच्या डब्यात सात अंडी दिसली. आणि मादीच्या अंगात मागच्या बाजूला दोन फुगवटे तसेच होते. दुपारपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मादी अडली होती.

त्याने रजा टाकली. गल्लीच्या टोकाला कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर होता. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की सापांबद्दल आपण कॉलेजात एक तास ऐकलंय, तोही शेवटच्या बाकावरून. कोमट पाण्यात बसवा म्हणाला. तराजू तिला घमेल्यात कोमट पाणी करून बसवायचा, पाणी निवलं की बदलायचा. चार तासांच्या अंतरावर सापांचं जाणणारी एक डॉक्टरीण होती, तीही गावाला गेलेली, परतणार शुक्रवारी. लेक पाळीवरून निसटून दर दोन तासांनी फोन करायची. बायका बाळंतपणात अडल्या तर काय करायचं ते तिला सगळं येत होतं. इथे तिचा काही उपयोग नव्हता आणि त्याचाही. शुक्रवारी सकाळी बससाठी तो मादीला पिशवीत घालायला गेला, तर ती हातातून नुसती लोंबली.

त्याने फोन करून मादी गेल्याचं लेकीला सांगितलं.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मग मला अडवलं का नाहीत?"

मी सांगितलं होतं, हे शब्द त्याच्या ओठांवर आले. तिच्यामागे कुठेतरी इस्पितळाची घंटा वाजत होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

सातांतली पाच अंडी पिवळी पडून बसली, सहाव्याला बुरशी आली. सातवं सदुसष्टाव्या दिवशी फुटलं. बुटाच्या नाडीएवढं पिल्लू निघालं. त्याने फोन समोर धरला, पण लेक पाळीवर होती. तिने ते दुसऱ्या दिवशी फोटोत पाहिलं आणि छान आहे म्हणाली. ते पिल्लू कशालाच तोंड लावेना. इवलेइवले उंदीर आणून, त्यांची डोकी ओली करून, अंधारात ठेवून, सगळं करून झालं. सोळाव्या दिवशी तेही गेलं. हे लेकीला सांगायला त्याने दोन रविवार लावले.

तिने ऐकून घेतलं, आणि मग त्याच फोनवर, करार आणखी दोन वर्षांनी वाढवलाय, असं सांगितलं. बरं केलंस म्हणाला तो. नर कसा आहे, असं तिने विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून काढलं नाही. फोन ठेवून तो तिच्या खोलीत गेला आणि पलंगाच्या कडेवर बसला. नर पेटीच्या काचेला नाक घासत चकरा मारत होता. त्याचा खायचा दिवस काल तसाच होऊन गेला होता. तराजू उठला आणि त्याने पाणी कोमट करायला ठेवलं.