पांढऱ्या वेणीची बँजोवाली

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या पार्कात गावोगाव फिरणारा एक ब्लूग्रास बँड आला होता, इथलं डोंगराकडचं लोकसंगीत वाजवणारा. पाच जणांत एकच माइक. त्यातली पांढऱ्या वेणीची बँजोवाली आपला तुकडा वाजवून झाला की हसत मागे सरायची आणि फिडलवाल्याला, म्हणजे व्हायोलिनवाल्याला, कोपराने पुढे ढकलायची. प्रत्येक गाण्याआधी सांगायची, "हे जुनं, डोंगरातलं," नाहीतर "हे माझं, कालच व्हॅनमध्ये केलेलं."

मला ते टोचलं. आमच्या भजनी मंडळात मी स्वतःच्या चाली आजोबांच्या म्हणून खपवत होतो. माझ्या म्हणून सांगितल्या तर लोक नाकं मुरडतील, ही भीती.

कार्यक्रमानंतर तिला विचारलं, "जुन्यांच्या शेजारी आपलं गाणं ठेवायला भीती नाही वाटत?"

बँजो पुसत ती म्हणाली, "वाटते ना! म्हणून तर आधी सांगते. फसलं तर शिव्या मला बसाव्यात, डोंगरातल्या माझ्या आजोबांना कशाला?"

शनिवारी मंडळात मी सांगून टाकलं, "या चाली आजोबांच्या नाहीत. माझ्या आहेत."

पेटीवरच्या काकू हसल्या. "गेलेल्या माणसाला दर महिन्याला नवी चाल सुचायला लागली, तेव्हाच कळलं होतं हो. चला, म्हणा आता!"

बँजोवालीचं नाव विचारायचं राहिलंच. पण माझं कडवं झालं की हल्ली मी शेजारच्याला कोपराने ढोसतो.