बॅटरी काढून ठेवा
परवा रिमोटचं झाकण उघडलं, तर सेल पाझरून आत पांढरी भुकटी साचलेली. त्या आंबूस वासानं करजगीचं माहेर आठवलं. सेल आत राहिले की टॉर्च खराब होतो, म्हणून मी पुण्याहून फोनवर अप्पांना बजावलं होतं, “बॅटरी काढून ठेवा.” सहा महिन्यांनी गेले, तर टॉर्च दाराजवळच्या खुंटीला आणि आत सेल गळून गंजलेले. मी चिडलेच, “कामून काढली न्हाई, अप्पा?” ते गोंधळले. “काढली की गं! पेटीतून काढून हितं अडकवली. तू यायलीस वाटलं, अंधारात फाट्यावर घ्यायला यावं लागंल म्हणून.” गावात टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, हे मीच विसरले होते. आता फोनवर मी आधी यायचा दिवस सांगते, सेलचं नंतर.