चहा पिऊन या

उदगीरच्या मोंढ्यामागं एक चाचा छोटी इंजिनं दुरुस्त करतात. नवा पार्ट लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मोडीतला लावतात आणि लावताना त्याचं गाव सांगतात. "हे कार्बोरेटर देगलूरच्या पंपाचं. लई गरीब स्वभावाचं हाय, सर. ही कॉईल निलंग्याची. जरा तापट हाय, पण दिलाची साफ."

सोयाबीनमध्ये गवत गुडघ्याला लागलं आणि नेमकी तेव्हाच माझ्या पॉवर वीडरनं मान टाकली. चाचांनी इंजिन उघडलं, हळहळले आणि म्हणाले, "जा, चहा पिऊन या."

परत आलो तर वीडर धडधडत होता. त्यातली पेट्रोलची नळी तेवढी चकचकीत दिसली.

"ही कुठल्या गावची, चाचा?"

"ही हितलीच," म्हणत त्यांनी हात पुसले.

खुशीत माझ्या मोटारसायकलला किका मारल्या, पण ती काही चालू होईना. वाकून पाहिलं, तर टाकीखालची नळीच गायब!

"घाई गवताची व्हती का गाडीची?" चाचा शांतपणे म्हणाले. "बसा की. हिचं बी बघू."

तेवढ्यात एक गृहस्थ दारात स्कूटर लावून बंद पडलेला फवारणी पंप घेऊन आले. चाचांनी पंपाकडं उडती नजर टाकली. स्कूटरकडं मात्र नीट निरखून पाहिलं.

"जा मालक, चहा पिऊन या."

गृहस्थांनी मला विचारलं, "बरा असतो का हो हितला चहा?"

"झकास असतो," मी म्हणालो. "सावकाश प्या."