ऑटोनं येईन म्हणाली होती

मोताळ्यातली आमची चर्चची मंडळी लहान आहे. अशा ठिकाणी प्रत्येकाला काही ना काही काम आपोआप चिकटतं. कुणी पेटी वाजवतं, कुणी उपासनेनंतर चहा करतं. माझ्याकडे धीर देण्याचं काम आलं. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, त्यामुळे बोलायची सवय होती आणि आवाजही मोठा. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचा मुलगा नापास झाला, की पाळकसाहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही जरा जाऊन या त्यांच्याकडे." मी जायची, प्रार्थना करायची, चार शब्द बोलायची. निघताना समोरच्याचा चेहरा उजळलेला दिसला की मला फार बरं वाटायचं. किती बरं वाटायचं, हे आठवलं की आता लाज वाटते.

मंडळीत एक विधवा आहे, माझ्यापेक्षा बरीच लहान. जवळच्या खेड्यात ती सासऱ्यांसोबत राहते आणि त्याच्या पुढच्या गावी अंगणवाडीत मदतनीस आहे. ऑटो भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे तिला कामावर उशीर व्हायचा आणि बोलणी खावी लागायची. रविवारी ती यायची तेव्हा उपदेश अर्धा झालेला असायचा. मग ती दाराशीच बसून घ्यायची.

माझे गुडघे दुखायला लागल्यापासून माझी स्कूटी नुसती उभी होती. मी तिला म्हटलं, "तू शिक. माझी गाडी घेऊन जा."

ती हसली. "मले तं सायकलबी येत नाई, ताई. भेव लागते मले."

"भीती सगळ्यांनाच वाटते. मी आहे ना."

बाजार नसलेल्या दिवशी बाजाराची जागा मोकळी असते. तिथे मी तिला शिकवलं. सुरुवातीला ती दोन्ही पाय जमिनीवर घासत गाडी न्यायची. मी मागून चालत, "पाय वर घे, समोर बघ, छान जमतंय," असं ओरडत राहायची. हळूहळू ती वळायला लागली, ब्रेक लावायला लागली. शिकाऊ परवाना आला. मग ती गाडी स्वतःच्या गावी घेऊन गेली, पण तिथल्या तिथेच चालवायची. मोठ्या रस्त्यावर यायला अजून धजत नव्हती.

मला मात्र दम निघेना. एका रविवारी मी उपासनेत उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, की आपली ही बहीण आता गाडी चालवते, पुढच्या रविवारी ती स्वतः गाडीवर येणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने मान खाली घातली. तो लाजाळूपणा आहे असं मी धरून चालले.

पुढच्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. "ताई, आज ऑटोनंच येईन म्हणते. रस्त्यावर लोकाईनं सोयाबीन टाकलं वाळाले. मले काही बरं वाटून नाई राह्यलं."

मी म्हटलं, "एवढं शिकून आता ऑटो कशाला? सगळे वाट बघताहेत. देवावर भरवसा नाही का तुझा?"

ती म्हणाली, "येते."

मी चर्चच्या दारात उभी होते. ती येताना लोकांना दिसावी, म्हणून आत गाणं सुरू झालं तरी मी आत गेले नाही. तिच्या फोनवरून कुणा अनोळखी माणसाने मला फोन केला तेव्हाही मी दारातच होते. समोरून ट्रक आला म्हणून तिने गाडी कडेला घेतली होती. सोयाबीनवर चाक घसरलं आणि पाय गाडीखाली सापडला.

बुलढाण्याला ऑपरेशन झालं, पायात रॉड घातला. मंडळीतली माणसं भेटायला आली. मला कुणी काही बोललं नाही. उलट एक जण म्हणाला, "बाई, तुम्ही किती करता तिच्यासाठी." मी बाहेर जाऊन नळाशी उगाच हात धूत राहिले.

बोलले ते फक्त तिचे सासरे. ती घरी आल्यावर मी फळं घेऊन गेले, तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. मी नेहमीच्या सवयीने सुरुवात केली, "बाबा, काळजी करू नका, देव..."

त्यांनी हात वर केला. "बाई, फोन झाला तवा मी इथंच बसलो होतो. पोरगी नाई म्हणत होती. आता तुमी काही बोलू नका. भाकरी येते का टाकाले?"

"येते."

"मंग टाका. सकाळपासून चहावरच हावो आमी."

मी चुलीपाशी बसले आणि भाकरी टाकल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी ऑटोने जात राहिले. स्वयंपाक करायची, तिला धरून न्हाणीत न्यायची, भांडी घासायची. आम्ही दोघी फार बोलत नव्हतो. मंडळीतही माझं बोलणं आटलं. नोकरी सुटलेल्या एका मुलीच्या घरी जायला पाळकसाहेबांनी सांगितलं, तर मी गुडघ्यांचं कारण दिलं. कुणाला धीर द्यायला तोंड उघडलं की मला माझंच फोनवरचं वाक्य ऐकू यायचं. देवाचं नाव मी तिला ढकलायला वापरलं होतं.

हिवाळा सरला तेव्हा ती काठी टेकत चालायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी काठीही सुटली. एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते, तेव्हा ती म्हणाली, "ताई, गाडी कुठी हाय?"

गाडी मी दुरुस्त करवून मेकॅनिककडेच ठेवली होती. विकून टाका असं त्याला सांगूनही झालं होतं.

"मी विकणार आहे ती," मी म्हटलं.

"काऊन?"

मी परत भाजी चिरायला लागले.

"डॉक्टर हाव म्हणाले. मले कामावर जाचं हाय, ताई. भेव तं लागतेच. पण मले वाटलं तवाच चालवीन, आन् नाई वाटलं तं ऑटोनं जाईन. तुमी मांगं बसा फकत. बोलू नका."

सासरे खाटेवरून म्हणाले, "जाऊ द्या तिले. ह्या खेपेले ती सोता म्हणून राह्यली."

दोन दिवसांनी मेकॅनिकने गाडी तिच्या दारात आणून दिली आणि मी मागे बसले. तिच्या खांद्यावर हात ठेवायचाही मला धीर होईना, म्हणून सीटची कडा धरून ठेवली. वळणावर तोंडातून "जपून" निघणार होतं, ते गिळलं. गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. ती घामाने भिजली होती, मीही.

आता ती रोज गाडीवर कामाला जाते. चालताना डावा पाय किंचित ओढते. मध्यंतरी एका रविवारी उपासनेत देवाच्या कृपेची साक्ष द्यायला ती उभी राहिली. म्हणाली, "ह्या ताईनं मले हिंमत देल्ली. पडल्यावर माह्या घरी येऊन भाकरी टाकल्या. देवाचे उपकार हायेत." सगळे माझ्याकडे मायेने बघायला लागले. मला मान वर करता आली नाही. फोनचं तिने सांगितलंच नव्हतं.

उपासना संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "त्या सकाळी मी काय बोलले, ते का नाही सांगितलंस?"

"ते तं मी देवाले सांगतलं. लोकाईले काऊन सांगू?"

"राग आला होता माझा?"

"हाव. लय आला होता." तिने गाडीची चावी पिशवीतून शोधून काढली. "आताबी पाय ठणकला का येते."

"येऊ दे," मी म्हटलं.

ती बरं म्हणाली आणि सासऱ्यांची औषधं घ्यायला मेडिकलकडे निघाली.